'म्हणे' आणि 'मी' : साक्षनाट्याच्या भाषेसंबंधी काही विचार

१

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही आगबोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे प्राणांस मुकली. स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले होते. स्वातंत्र्याचा उत्साह आणि फाळणीचा आकांत यांच्यामध्ये सापडलेल्या या दुर्घटनेला इतिहासग्रंथांत फारशी जागा मिळाली नाही. रेवस-अलिबागच्या किनाऱ्यावर मात्र ती घरोघर सांगितली गेली आणि आजही सांगितली जाते.

ती कशी सांगितली जाते हे भाषेच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक ऐकण्यासारखे आहे. आज सांगणारी बहुतेक माणसे त्या दिवशी बोटीत नव्हती. पुष्कळ तर जन्मलेलीही नव्हती. त्यांची वाक्ये साधारणतः अशा धर्तीची असतात : "बोट एका अंगाला कलली म्हणे. रेवसच्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी पाण्यात टाकली म्हणे, आणि माणसं वर ओढून घेतली." येथे तिसऱ्या क्रियापदापाशी 'म्हणे' गळून पडला आहे. सांगणारा कथेत रंगला, माणसे वर ओढणारे हात त्याला दिसू लागले, आणि ऐकीव गोष्ट पाहिलेली झाली. तो खोटे बोलला असे आपण म्हणणार नाही. तथापि 'म्हणे' असताना त्याने पत्करलेली जबाबदारी आणि तो गळाल्यानंतरची जबाबदारी यांत अंतर आहे, आणि हे अंतर मराठी भाषा एका दोन अक्षरी अव्ययाने दाखवू शकते.

राष्ट्रीय आपत्तीत सापडलेल्या खऱ्या माणसांच्या खऱ्या कहाण्या रंगभूमीवर आणणारे नाटक गेल्या काही दशकांत जगभर रूढ झाले आहे. त्याला येथे आपण 'साक्षनाट्य' म्हणू. या नाटकाची चर्चा बहुधा विषयाच्या अंगाने होते : आपत्ती केवढी होती, नाटकाने तिला न्याय दिला की नाही, प्रेक्षक हेलावले की नाही. प्रस्तुत लेखात तिचा विचार वेगळ्या अंगाने करावयाचा आहे. साक्षनाट्याचा खरेपणा कशावर ठरतो? 'मी' म्हणण्याचा अधिकार कोणाचा आणि 'म्हणे' म्हणण्याचे कर्तव्य कोणाचे, याची जाण नाटकाच्या भाषेला आहे की नाही, यावर तो ठरतो असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या मताची परीक्षा एका मराठी नाटकाच्या आधारे करावयाची आहे. तत्पूर्वी 'म्हणे' या रूपाकडे थोडे पाहणे आवश्यक आहे.

२

जुन्या मराठीत 'करी', 'जाय', 'म्हणे' ही वर्तमानकाळाची रूपे होती. पुढे 'करतो', 'जातो', 'म्हणतो' ही कृदन्तावरून आलेली रूपे वर्तमानकाळासाठी स्थिर झाली आणि जुनी रूपे रीतिभूतकाळाकडे सरकली. 'तो रोज देवळात जाई' या वाक्यात आज आपण तेच रूप वापरतो, पण अर्थ 'जात असे' असा घेतो. 'म्हणे' या रूपाने मात्र तीन संसार थाटले. संतांच्या अभंगात ते कवीच्या नाममुद्रेबरोबर येते. तेथे कवी स्वतःला तृतीयपुरुषात ठेवतो, परंतु त्यामुळे त्याचे विधान सैल न होता त्याच्या सहीचे होते. दुसरा संसार रीतिभूताचा : 'आजी म्हणे' म्हणजे आजी नेहमी म्हणत असे. तिसरा ऐकीव माहितीच्या अव्ययाचा, ज्याचे उदाहरण वर आले आहे.

सही, सवय आणि ऐकीव गोष्ट हे तिन्ही अर्थ एका रूपात नांदतात हा केवळ व्याकरणातील योगायोग असेल. पण आपत्तीची कहाणी सांगणाऱ्यापुढे हेच तीन मार्ग असतात. मी सांगतो आणि त्याची जबाबदारी घेतो. मेलेले माणूस जिवंतपणी काय करीत असे ते सांगतो. किंवा दुसऱ्याने सांगितलेले सांगतो. साक्षनाट्याचा निवेदक यांपैकी कोठल्या मार्गावर उभा आहे, हे प्रेक्षकाला कळले पाहिजे.

३

या प्रकारातील जे नाटक युरोपात आदर्श मानले गेले ते पीटर वाइस या जर्मन नाटककाराचे 'चौकशी'. फ्रँकफुर्ट येथे १९६३ ते १९६५ या काळात आउश्वित्झ छळछावणीतील अधिकाऱ्यांवर खटला चालला. त्या खटल्यातील जबान्यांवर वाइसने आपले नाटक उभारले आणि १९ ऑक्टोबर १९६५ रोजी दोन्ही जर्मनींतील अनेक नाट्यगृहांत त्याचे एकाच दिवशी प्रयोग झाले. नाटकाची रचना अकरा सर्गांची आहे. आरोपींना त्यांची खरी नावे आहेत. साक्षीदारांना नावे नाहीत. छावणीत ज्यांची नावे हिरावून घेऊन अंक दिले गेले, त्यांना रंगमंचावरही नाव नाही. या निवडीची कठोरता प्रेक्षकाला सोसावी लागते.

भाषेच्या दृष्टीने मात्र या नाटकाला एक मर्यादा आहे व ती त्याने जाणूनबुजून पत्करली आहे. येथे प्रत्येक वाक्य एखाद्या प्रश्नाचे उत्तर आहे. न्यायाधीश विचारतो, वकील उलटतपासणी करतो, साक्षीदार तेवढ्यापुरते बोलतो. प्रश्न नेहमी उत्तराला साचा देतो. 'किती वाजता?' असे विचारले की उत्तरात घड्याळ येते. ज्याच्या आठवणीत घड्याळ नव्हते त्यालाही ते शोधावे लागते. म्हणून न्यायालयातील साक्ष कितीही खरी असली, तरी तिचा सांगाडा विचारणाऱ्याचा असतो. विचारणारा कोणी नसताना साक्षीदार काय सांगेल, हा प्रश्न वाइसच्या नाटकाच्या कक्षेबाहेर राहतो.

या प्रश्नाचे एक उत्तर मराठीत मिळते. त्यासाठी आपल्या किनाऱ्यापासून पुष्कळ दूर, वऱ्हाडात जावे लागते. तेथील आपत्ती एका सकाळी घडलेली नाही. ती वर्षानुवर्षे, एकेका घरात, एकेका माणसाची घडली. म्हणूनच तिला राष्ट्रीय आपत्ती म्हणावयास देशाला इतका वेळ लागला.

४

१९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी व चार मुलांसह जीवन संपविले. महाराष्ट्रातील नोंद झालेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून तिचा उल्लेख केला जातो. १९९५ पासून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची वेगळी नोंद होऊ लागली. पुढे महाराष्ट्र शासनाने अशा कुटुंबांसाठी एक लाख रुपयांचे साहाय्य ठरविले आणि त्यासाठी निकषही घातले : नापिकी, अधिकृत संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे कर्ज, त्या कर्जाच्या परतफेडीचा तगादा. निकषांत बसणारी आत्महत्या 'पात्र' आणि न बसणारी 'अपात्र' ठरू लागली.

मराठीत 'पात्र' या शब्दाचे अर्थ पाहावे. पात्र म्हणजे भांडे, पात्र म्हणजे योग्य, आणि पात्र म्हणजे नाटकातील व्यक्ती. पती गेल्यावर वऱ्हाडातील बाईला पहिल्यांदा पात्र व्हावे लागते ते तहसील कचेरीत. तिची जबानी पोलिस घेतात, तलाठी घेतो, नंतर वार्ताहर येतो, अभ्यासक येतात. प्रत्येकाचा प्रश्न आधीच ठरलेला असतो : कर्ज किती होते, कोणाचे होते, नोटीस आली होती का, पिणे होते का. तिची हकीगत कागदावर उतरते तेव्हा 'सदरहू इसम', 'मयत', 'आढळून आले' अशा शब्दांनी ती कर्त्यावाचून चालू लागते. आणि ती स्वतः 'मयताची पत्नी' एवढीच उरते. आपल्याच आयुष्याविषयी ती असंख्य वेळा बोललेली असते. मात्र त्यांतले एकही बोलणे तिने आपण होऊन सुरू केलेले नसते.

श्याम पेठकर यांनी लिहिलेले आणि वर्ध्याचे हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेले 'तेरवं' हे नाटक या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. या नाटकात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरांतील स्त्रियांनीच भूमिका केल्या. 'तेरवं' हा प्रमाण मराठीतील 'तेरावे' या शब्दाचा वऱ्हाडी उच्चार. मृत्यूनंतरचा तेराव्या दिवसाचा विधी असा त्याचा अर्थ. त्या दिवशी पाहुणे जेवून परततात, मांडव निघतो, आणि घरात उरलेल्या बाईला आपण एकट्या आहोत हे पहिल्यांदा नीट कळते. शीर्षकात नाटककाराने आपत्तीचा दिवस टाळून तिच्या नंतरचा दिवस निवडला, यात त्याची समज दिसते. वर्तमानपत्राची बातमी मरणाऱ्याच्या दिवसाची असते. तेराव्यापासून पुढचे सारे दिवस तिचे असतात.

आता भाषेकडे वळू. हे नाटक वऱ्हाडीत आहे. वऱ्हाडीत 'मला' याचे 'मले' होते, 'आहे' याचे 'हाये' होते, आणि 'ळ' पुष्कळदा 'य' होतो : डोळा 'डोया', काळा 'काया'. आपल्या किनाऱ्यावरील आगरी बोलीत त्याच 'ळ'चा 'ल' होतो : 'डोला', 'काला', आणि 'मला' याचे 'मना' होते. म्हणजे ज्या अक्षराचा उच्चार प्रमाण मराठीने मानाची खूण करून ठेवला आहे, ते अक्षर दोन्हीकडच्या कष्टकऱ्याच्या तोंडी नाही. उरण-अलिबागच्या विद्यार्थ्याला 'डोया' हा शब्द प्रथम ऐकताना हसू येते. पण आपल्या आजीच्या 'डोला' या शब्दालाही शहरात कोणी हसले होते हे त्याला आठवले की ते हसू थांबते, असा वर्गातील अनुभव आहे.

उच्चारापेक्षाही महत्त्वाची गोष्ट काळाची आहे. वर ज्या रीतिभूताचा उल्लेख केला तो प्रमाण मराठीच्या बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. आपण 'जाई' लिहितो, पण बोलताना 'जायचा' म्हणतो. वऱ्हाडीत तो अजून जिवंत आहे. 'तो पहाटीच वावरात जाये', 'पोरीले खांद्यावर घे', 'मले काही सांगे नाही' अशी वाक्ये तेथे रोजची आहेत. (ही उदाहरणे व्याकरणाची आहेत, नाटकातील नव्हेत.) पंचनाम्याला या काळाचा काही उपयोग नाही, कारण त्याला एकदाच घडलेले हवे असते. विधवेच्या आठवणीला मात्र हाच काळ लागतो. गेलेला माणूस एकदा मेला. त्याआधी तो हजार सकाळी वावरात जाये. मृत्यूची नोंद भूतकाळात होते, माणसाची नोंद रीतिभूतात होते. ज्या बोलीत हे रूप सहज येते, त्या बोलीतून हकीगत ऐकताना तो माणूस प्रेक्षकापुढे चालू-बोलू लागतो. यासाठी प्रमाण भाषेतील अभिनेत्याला पुष्कळ अभिनय करावा लागला असता.

५

येथपर्यंत जे म्हटले त्यावर तीन आक्षेप येऊ शकतात, आणि ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप असा की, बाई खरी असली तरी वाक्ये नाटककाराची आहेत. मग 'मी' खरा कसा? या आक्षेपात तथ्य आहे. लिहिलेल्या संहितेतून कोणतीही साक्ष गाळूनच येते. परंतु येथे एक फरक ध्यानात घ्यावा. लेखकाने दिलेले वाक्य त्या बाईला खोटे वाटले तर ते तिच्या तोंडात अडखळते, आणि तालमीत ते बदलावे लागते. न पटणारे वाक्य व्यावसायिक नट सहज उच्चारून जाऊ शकतो. साक्षीदार स्वतः पात्र असेल तर संहितेवर एक नैसर्गिक अंकुश राहतो. तो पुरेसा आहे असे म्हणता येणार नाही. जेथे निवेदन व्याख्यानाकडे झुकते तेथे प्रेक्षकाने सावध राहावे हे उचितच. मात्र अशा ठिकाणी 'धोरण', 'व्यवस्था' हे शब्द आले म्हणजे ते बाईचे नव्हेत, असे गृहीत धरणे हाही एक प्रकारचा अहंकार आहे. या नाटकात काम करणाऱ्या राजूर येथील श्रीमती वैशाली येडे यांनी जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेल्यानंतर हा मान त्यांच्याकडे आला. त्या व्यासपीठावरून त्या एकट्या राहिलेल्या स्त्रियांच्या जगण्यावर आणि त्यामागील व्यवस्थेवर बोलल्या. बोली ही तिच्यासाठी रंगभूषा नव्हती, आणि विचाराचे शब्दही उसने नव्हते. दोन्ही तिचेच होते.

दुसरा आक्षेप पुनरावृत्तीचा. पहिल्या प्रयोगातील अश्रू आणि पन्नासाव्या प्रयोगातील अश्रू एकच कसे असतील? स्वतःचे दुःख रोज ठरल्या वेळी उगाळायला लावणे ही क्रूरता नव्हे काय? हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो कलेविषयी नसून माणसाविषयी आहे. त्याला एकच उत्तर संभवते. आपल्याकडे जात्यावर बसलेली बाई आपले दुःख ओवीत रोजच घालीत असे आणि रोजच्या आवर्तनाने ते थोडे हाताळण्याजोगे होई. मृत्यूनंतर गळा काढून रडणाऱ्या स्त्रिया गेलेल्याचे सारे गुण, सारी कामे त्या रडण्यातच सांगतात. त्यालाही एक ठरलेली लय असते आणि त्या लयीने दुःख खोटे ठरत नाही. पुनरावृत्ती दुःखाला खोटे करीलच असे नाही. ती त्याला आकार देते. मात्र थांबण्याचा अधिकार त्या बाईच्या हाती असला पाहिजे. ज्या नाट्यसंस्थेला हे मान्य नसेल तिने हा प्रकार हाताळू नये.

तिसरा आक्षेप असा की, उसना 'मी' हा तर नाटकाचा प्राणच आहे. तो नाकारला तर नाटक उरते काय? सुषमा देशपांडे यांनी १९८९ पासून 'व्हय मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग केला तो उसन्या 'मी'वरच. हे खरे आहे. पण शीर्षकातच 'व्हय मी' असे म्हणून त्या नाटकाने भूमिका धारण केल्याचे जाहीर केले आहे. सावित्रीबाई फुले १८९७ साली निवर्तल्या. त्यांचा 'मी' कोणी त्यांच्या तोंडून हिरावून घेत नाही. साक्षीदार हयात असताना, तो बोलू शकत असताना, त्याचा 'मी' दुसऱ्याने घेणे ही वेगळी गोष्ट आहे. तेथे 'म्हणे' हाच प्रामाणिक मार्ग. अमेरिकेत १९७५ साली जोनाथन फॉक्स आणि जो सालस यांनी सुरू केलेल्या एका नाट्यप्रकारात या दोहोंचा मेळ घातलेला आढळतो. प्रेक्षकांतील एक जण आपली हकीगत सांगतो, नट ती लगेच त्याच्यासमोर करून दाखवितात, आणि सांगणारा ती पाहत बसलेला असतो. नटाचा 'मी' तेथे उसना आहे, पण ज्याच्याकडून उसना घेतला तो समोर आहे आणि शेवटचा शब्द त्याचा आहे.

जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले, तेव्हा मराठी नाटकात शेतकरी आणि त्याची बायको ही पात्रे म्हणून आली. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले. शेतकऱ्याच्या बायकोची दुःखे तिच्या वतीने कोणीतरी सांगावीत, एवढीच तेव्हा शक्यता होती आणि तीही अमान्य झाली. 'तेरवं'मध्ये तीच बाई पात्र होऊन स्वतः बोलते. या दोन नाटकांमधील दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर मराठी नाट्येतिहासाने मोजून ठेवावे असे आहे.

६

शेवटी पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे. 'रामदास' बुडाली त्या सकाळी जो दहा वर्षांचा होता, तो आज नव्वदीच्या घरात आहे. त्या दुर्घटनेविषयी 'मी' म्हणू शकणारी माणसे आता फार थोडी. 'म्हणे' म्हणणारी पुष्कळ. यापुढे 'रामदास'वर साक्षनाट्य लिहू पाहणाऱ्याने बुडणाऱ्या उतारूच्या तोंडी पहिल्या पुरुषातील भाषणे घालण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्या नाटकाचा खरा निवेदक रेवसच्या ओटीवर बसलेली नातवंडे हा आहे, आणि त्यांच्या बोलीतील 'म्हणे' हेच त्या नाटकाचे ध्रुपद होऊ शकेल. कोठे तो गळून पडतो आणि पुन्हा कोठे आठवतो, यातच त्या नाटकाचे सारे नाट्य आहे.

परंतु याच जिल्ह्यात अशाही आपत्ती आहेत की ज्यांचा 'मी' अजून पुरता जिवंत आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. तेथून वाचलेल्या माणसांना सर्वांनी प्रश्न विचारले आहेत. पंचनामे झाले, मुलाखती झाल्या, आकडे जाहीर झाले. त्यांनी आपण होऊन, आपल्या बोलीत, आपल्या क्रमाने काही सांगावे, यासाठी प्रश्न न विचारता बसणारा माणूस मात्र दुर्मीळ असतो.

एका विद्यार्थ्याने आपल्या आजीची हकीगत लिहून आणली होती. तिच्यातील प्रत्येक 'मना' त्याने 'मला' करून टाकला होता आणि प्रत्येक 'म्हणे' खोडला होता. कारण विचारता, ते अशुद्ध दिसते असे तो म्हणाला. प्रस्तुत लेखकाने त्याला ती हकीगत पुन्हा, जशी ऐकली तशी लिहून आणावयास सांगितले. दुसऱ्या लेखनात पाने वाढली होती आणि आजी बोलत होती. साक्षनाट्य लिहिणे हे नाटककाराचे काम आहे. पण त्याच्या आधीचे हे साधे काम भाषाविभागाचे आहे. कोणाला काय माहीत आहे, कोणी काय पाहिले आणि कोणी केवळ ऐकले, हे वेगळे ठेवणारे एक अव्यय आपल्या भाषेने आपल्या हाती दिले आहे. ते खोडू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुढे येणाऱ्या नाटकाचा पाया खरा राहील.